गाडी लागली

मंगळवार, जुलैचा दुसरा आठवडा. बारावी विज्ञान, सकाळचा दुसरा तास.

हजर: मी. खिडकीकडच्या रांगेतल्या सगळ्या मुली. दाराकडच्या रांगेतली मुलं, एसटीच्या भरवशावर येणारी सोडून. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारं नेहमीचं त्रिकूट. व्हरांड्यात स्टुलावर आमचे शिपाईभाऊ. शेजारच्या वर्गात भौतिकशास्त्राचे सर. ते स्वतः दिसत नव्हते, पण आवाज भिंतीतून हजर होता.

गैरहजर: माझी मुलगी. तशी ती माझ्या वर्गात नसतेच, यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण त्या दिवसाची हजेरी तिला वगळून लिहिता येत नाही. ती घाटंजीला तिच्या आत्याकडे राहायला गेली होती आणि त्या सकाळी दारव्ह्याला घरी यायला निघाली होती.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, दुरुस्त्यांची, कोणत्या तासाला काय शिकवायचं त्याची. घरात यावरून माझी थट्टा होते. त्या दिवसाच्या यादीत कॉलेजच्या कामाखाली लिहिलेलं होतं: विधान म्हणजे काय, सत्यतामूल्य, ‘किंवा’चा तक्ता, वेळ उरला तर दोन अर्थांची वाक्यं. शेवटच्या कलमापर्यंत मी पोचलेच नाही.

बारावीच्या गणितात तर्कशास्त्राचा धडा अगदी सुरुवातीला येतो. मुलांना तो गणित वाटत नाही, कारण त्यात आकडे नसतात. मी फळ्यावर वाक्यं लिहिली. दारव्हा यवतमाळ जिल्ह्यात आहे. सात ही सम संख्या आहे. दार लावून घे. आज कोणता वार आहे? अरे बापरे!

“ज्या वाक्याबद्दल खरं किंवा खोटं असं ठामपणे म्हणता येतं ते विधान,” मी सांगितलं. “खरं असेल तर टी, खोटं असेल तर एफ. दोन्ही एकाच वेळी नाही आणि मधलं काही नाही. आता ओळखा.”

“दार लावून घे हे खरं नाही, खोटंबी नाही,” एक मुलगी म्हणाली. “थे फक्त काम आहे.”

“बरोबर. आज्ञा विधान नसते.”

मागच्या बाकावरून हात वर आला. “मॅडम, ‘बाजूचे सर लय भारी शिकवते’?”

“ते तुझं मत आहे. मताला सत्यतामूल्य नसतं.”

“वाचलो म्हणजे,” तो म्हणाला आणि वर्ग हसला. भिंतीपलीकडचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. जवळच्या बंजारा तांड्यावरून सायकलने येते, घरी गोरबोली बोलते, वर्गात वऱ्हाडी आणि पेपरात पुस्तकी मराठी. तिने विचारलं, “मॅडम, आपल्याले माहीतच नसलं तर? ‘आमच्या विहिरीत आत्ता साप आहे.’ मी तर इथं बसली आहो. मले काय माहीत?”

प्रश्न चांगला होता. मी खूश झाले. म्हटलं, “तुला माहीत नाही ही तुझी अडचण, विहिरीची नाही. साप आत्ता तिथे असेल तर ते खरं, नसेल तर खोटं. ते आधीच ठरलेलं आहे. तू वाकून पाहिलंस म्हणून साप येणार नाही आणि पाहिलं नाहीस म्हणून जाणारही नाही.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी सांगितलेलं ती सगळं लिहून घेते.

मग ‘किंवा’. फळ्यावर चौकट आखली. पी, क्यू आणि तिसऱ्या रकान्यात पी किंवा क्यू. चार ओळी: दोन्ही खरी, पहिलं खरं दुसरं खोटं, पहिलं खोटं दुसरं खरं, दोन्ही खोटी. खालच्या तीन ओळी मुलं स्वतःच भरतात. वरची ओळ मी दरवर्षी शेवटी ठेवते, कारण भांडण तिथेच होतं. दोन्ही खरी असतील तर ‘किंवा’ खरं धरायचं, हे मुलांना पटत नाही.

यंदाही झालं. “कंडक्टर म्हनते सुट्टे द्या किंवा उतरा. सुट्टे देऊन कोन उतरते?”

“ती आज्ञा आहे. विधान सांग.”

“आमचे बाबा म्हनते, वावरात ये किंवा कॉलेजात जा.”

“तीही आज्ञाच.”

“आज्ञा काय मॅडम, धमकी आहे थे.”

हशा ओसरल्यावर तांड्यावरच्या मुलीने नेमकं वाक्य दिलं. “‘तो घरी आहे किंवा वावरात आहे.’ आता दोन्हीकडे कसा असन?”

“त्याचं घरच वावरात असलं तर?”

मागून कुणीतरी म्हणालं, “हाव ना बे.” मी खडू उचलला. वरच्या ओळीत टी लिहायला हात फळ्याकडे नेला आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला.

तासाला फोन घ्यायचा नाही, हा नियम मी मुलांना लावलाय आणि स्वतःलाही. फोन पालथा पडला होता. थरथरत थरथरत डस्टरकडे सरकत होता. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. तिसऱ्यांदा मी तो उचलला, कारण सकाळच्या वेळी लागोपाठ तीनदा मला कोणी फोन करत नाही.

नणंद होती. घाटंजीहून.

“वहिनी, पोरीले गाडी लागली. बोरीच्या अलीकडे. कोनाचा तरी फोन आलता मले, तिच्याच फोनवरून, बाईमानूस होती. मले लय भेव लागून राह्यलं वहिनी, तुमी...”

आणि फोन कटला.

मी परत लावला. व्यस्त. मुलीला लावला. पूर्ण रिंग वाजली, मग ती रेकॉर्ड केलेली बाई तिच्या गोड आवाजात बोलायला लागली. परत लावला. परत तीच. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “पान वाचत बसा,” आणि बाहेर आले. कोणतं पान ते सांगितलं नाही.

शिपाईभाऊ स्टुलावरून उठले. “काय झालं मॅडम?”

मी वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पोरीला गाडी लागली.

“एवढंच ना!” ते म्हणाले. “ओकारी झाली असन. माह्या घरची तर एसटीचा नुसता वास आला तरी पदर तोंडाले लावते. निंबू द्याचं चाटाले, मोकळं.”

आमचा आवाज ऐकून भौतिकशास्त्राचे सर बाहेर आले होते. ते म्हणाले, “गाडी लागली म्हणजे धडक बसली ना? लागलं का, किती लागलं, असंच विचारतो आपण.” मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. “म्हणजे, तसंही असू शकतं. ओकारीही असू शकते.”

त्या व्हरांड्यात उभी राहून मी पहिल्यांदाच आपल्या या क्रियापदाकडे नीट पाहिलं. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते. फलाटाला गाडी लागते. पोटात कळ लागते. मीठ कमी लागतं. आमच्याकडे तर भेवही लागतं. भीती वाटत नाही, ती लागते, दगड लागावा तशी. कोणा अनोळखी बाईने हा शब्द माझ्या नणंदेला दिला होता आणि नणंदेने तो उघडून न बघता मला दिला होता. आता तो माझ्या हातात होता. विचारायचं कुणाला? जिला विचारायचं तिचा फोन वाजून वाजून बंद होत होता.

आणि मग मी जे करायला शिकले आहे ते केलं. दोन विधानं मांडली. पी: तिला प्रवासात मळमळलं. क्यू: तिला वाहनाने धडक दिली. पी किंवा क्यू, एवढं नक्की. आता माझ्या मुलीला गाडी लागत नाही. कधीच नाही. लहानपणापासून नाही. एसटीत खिडकीशी बसून पुस्तक वाचणारी मुलगी ती. घाटातल्या वळणांवर बाकीची बस हिरवीनिळी झालेली असताना ही चिवडा मागायची. नातेवाइकांत मी हे कौतुकाने सांगत आले आहे. म्हणजे पी खोटं. आणि पी खोटं असेल तर क्यू खरं.

कुठेही चूक नव्हती. पायरीला पायरी जोडलेली होती. परीक्षेत मी या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. मी शिपाईभाऊंच्या स्टुलावर बसले.

“मॅडम, माझी गाडी आहे,” सर म्हणाले. “चला.”

दारव्ह्याबाहेर पडता पडता मी नवऱ्याला फोन लावला. ते त्या दिवशी कामाने नांदेडला होते. फोन लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला दुसरा शब्द उच्चारता येत नाहीये. अपघात म्हणायचं होतं. तोंडातून आलं, “पोरीला गाडी लागली म्हणे.”

ते हसले. “आपल्या पोरीले? कमाल आहे. ताईनं सकाळी सकाळी पुऱ्या खाऊ घातल्या असतील. ताईचं तेल म्हणजे तेलच.”

“हं,” मी म्हटलं.

“तिला म्हण, आवळा सुपारी ठेव तोंडात. घरी आली की कळव.”

मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांच्याकडचा अर्थ चांगला होता, तो तिथेच असू द्यावा असं वाटलं. निदान एका माणसाजवळ तरी तो राहील. फोन ठेवल्यावर पाहिलं तर उजव्या मुठीत खडू होता. घामाने त्याचा चिखल झालेला.

पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही बाजूंना पेरलेली शेतं, कपाशी नुकतीच वर आलेली, पिकातलं तण काढायला, डवरणीला, माणसं लागलेली. समोरून येणाऱ्या प्रत्येक एसटीत आणि काळीपिवळीत, भाड्याच्या जीपमध्ये, मी डोकावून बघत होते. त्यांत माणसं कोंबलेली असतात, चेहरे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. सर गाडी जपून चालवत होते आणि अधूनमधून म्हणत होते, “काही नसेल, मॅडम.” मी मनात त्यावर सत्यतामूल्य लावायचा प्रयत्न करत होते आणि ते लागत नव्हतं.

फोन वाजला. मुलीचा नंबर.

“हॅलो! बाळा!”

“मी थे नोहो,” एक बाई म्हणाली. मोठा आवाज, मागे वाहनांची घरघर. “तुमी तिची आई व्हय का? अवं माय, लय ओकली वं तुमची पोरगी. गाडीत बसल्यापासून तोंड पांढरं पडलं होतं तिचं. मी म्हटलं तिले, पोरी, खिडकीपाशी ये, तर...”

खरखर. मग काही नाही.

ओकली! मी मोठ्याने ओरडले असेन, कारण सरांनी दचकून ब्रेक दाबला. “ओकली सर, ओकली ती! लय ओकली म्हणे!” एखाद्या आईने आपलं मूल ओकल्याचा एवढा आनंद क्वचितच केला असेल. पी खरं होतं. माझं गृहीतक चुकलं होतं, चुकलं ते छान झालं. माझी मुलगी गाडीत बसून पोटभर ओकली होती.

सर म्हणाले, “थोडं थांबू का? चहा घेऊ.”

पुढच्या फाट्यावरच्या टपरीपाशी थांबलो. मी पाण्याची बाटली घेतली, लिंबू घेतलं, आवळा सुपारी घेतली. मनातल्या मनात यादी करून घेतलं. नणंदेला फोन लागला. तिला म्हटलं, “वन्सं, काही नाही, फक्त ओकली ती.”

“मले वाटलंच होतं,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

फक्त. हा शब्द त्या बाईच्या बोलण्यात नव्हता. तो मी घातला. दोन्हींपैकी एक खरं निघालं म्हणजे दुसरं खोटं, हे मी कुठून आणलं? कंडक्टरच्या ‘सुट्टे द्या किंवा उतरा’मधून. अर्ध्या तासापूर्वी पोरांना जे चूक म्हणून सांगितलं होतं तेच मी स्वतः केलं आणि वर चहा प्यायले. चहा चांगला होता. आल्याचा, गोड. मी तो शेवटपर्यंत प्यायले, आणि सरांनी पैसे द्यायला हात पुढे केला तेव्हा त्यांच्याशी वादही घातला.

बोरी ओलांडली आणि रस्त्याच्या कडेला एक काळीपिवळी उभी दिसली. माणसं उतरून गोळा झाली होती. मला आधी वाटलं, ड्रायव्हर गाडी धूत असेल. मग त्यांच्यामधून एक मोटारसायकल दिसली. आडवी पडलेली. हँडल वाकडं.

गर्दीतून एक बाई माझ्याकडे आली. हिरवं लुगडं, हातात माझ्या मुलीचा फोन, काखेत तिची पिशवी. मी काही विचारायच्या आधीच ती बोलायला लागली.

“मी सांगूनच राह्यली होती बाई तुमाले, तर रेंजच गेली. लय ओकली म्हून उतरली. उतरली म्हून गाडी लागली.”

सर माझ्यामागेच होते. त्यांनी माझा दंड धरला.

“रस्त्याच्या कडेले वाकून ओकून राह्यली होती, मागून फटफटी आली. पोरगा घसरला. त्याले बी लागलं. पन तुमच्या पोरीचं डोक्स आपटलं. थोडा वेळ बोललीच नाही. मंग डोळे उघडले. एक चारचाकीवाला थांबला, यवतमाळले घेऊन गेला. आमच्यातली एक जन संग गेली आहे, एकटी नाही गेली.”

“तुम्ही घाटंजीला फोन केला होता?”

“हाव. पयला नंबर थोच होता. मी सांगितलं ना तिले, पोरीले गाडी लागली म्हून. आता याहून सोपं कसं सांगाव?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने वाक्यात खरं तेच सांगितलं होतं; दोन्ही अर्थांनी खरं. मी तिच्याकडून पिशवी घेतली. तिने फोन पदराला पुसून माझ्या हातात दिला.

यवतमाळच्या वाटेवर सरांनी एकदा तोंड उघडलं आणि बहुधा “काही नसेल” म्हणणार होते, पण पुन्हा मिटलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

सरकारी दवाखान्यात तिला शोधायला वेळ लागला. बायकांच्या वॉर्डात नव्हती, पट्ट्या करतात तिथे नव्हती. शेवटी एका कोपऱ्यातल्या खाटेवर दिसली. एका बाजूचे केस रक्ताने चिकटलेले, डावा हात छातीशी बांधलेला, डोळे मिटलेले. खाटेशी कुणी अनोळखी म्हातारी बसली होती, काळीपिवळीतली. मला बघून ती उठली आणि जागा दिली.

मी मुलीच्या खांद्याकडे हात नेला तर नर्स म्हणाली, “हात नका लावू, आत्ताच डोळा लागलाय.”

डोळा लागलाय. पुन्हा तेच. डोक्याला मार लागल्यावर झोपू देऊ नये असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मी नर्सला विचारलं, हा नुसता डोळा लागलाय ना? झोपच आहे ना? ती म्हणाली, “डॉक्टर सांगतील.”

डॉक्टर तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते म्हणाले, “मावशी, हाताचं सोडा, गळ्यापाशी हाड मोडलंय, ते जुळेल. डोक्यात आत रक्तस्राव आहे की नाही ते स्कॅनशिवाय सांगता येत नाही. आता नेतोय.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“वाटून काय उपयोग?”

तिला नेलं. दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आणि मला विहीर आठवली.

रक्तस्राव आहे. हे विधान होतं. मला माहीत नव्हतं, डॉक्टरांना माहीत नव्हतं, त्या मशीनलाही अजून माहीत नव्हतं, पण ते आधीच ठरलेलं होतं. आत्ता, या क्षणी, तिच्या कवटीच्या आत एक अक्षर लिहिलेलं होतं. एक तर टी, नाही तर एफ. मी देवाला हात जोडले तर ते बदलणार नव्हतं. मशीन फक्त वाकून बघणार होतं. सकाळी हे वाक्य मी किती मजेत बोलले होते! समोर बसलेल्या मुलीने ते शाईने लिहून घेतलं होतं. त्यात दिलासा देणारं एकही अक्षर नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मला त्या बाकावर बसून मधलं काहीतरी हवं होतं. खरं नाही, खोटं नाही, अजून ठरायचंय असं काहीतरी. माझ्या विषयात तशी जागा नाही.

भीती कमी करायला मी यादी करायला घेतली: नवऱ्याला खरं सांगणे, कॉलेजात रजा कळवणे, तिचे कपडे, आधार कार्ड. पिशवीत कागद होता, पेन होतं. पेन कागदावर टेकवलं आणि पुढे काही लिहिता येईना. पहिलंच कलम जड होतं. शेवटी नवऱ्याला फोन लावला आणि या वेळी शब्द निवडून वापरले. अपघात झाला. गळ्याचं हाड मोडलं. डोक्याचं अजून कळलं नाही. मग ते म्हणाले, “मघाशी तू ‘हं’ म्हणालीस.” बस्स, एवढंच. “निघतो.”

नणंदेलाही कळवलं; ती घाटंजीहून मिळेल त्या गाडीने आली. माझ्याशेजारी बसली आणि माझा हात धरला. “वहिनी, मी तर थेच सांगितलं जे तिनं मले सांगितलं.”

“मला माहीत आहे, वन्सं.”

“सकाळी पुऱ्या खाऊ नको म्हटलं असतं तर?”

“पुऱ्यांचा काय संबंध?”

“ओकली ना पोरगी. ओकली नसती तर उतरली नसती.”

‘जर तर’चा तक्ता आमचा अजून शिकवायचा होता. मी तिला जवळ घेतलं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत बाहेर आले. आमच्याकडे बघितलंच नाही. तेवढ्या वेळात मी किती वेळा मेले ते मोजलं नाही. मग ते वळले. “मावशी, डोकं ठीक आहे. आत काही नाही. एक-दोन दिवस ठेवू लक्ष ठेवायला.”

नणंद तिथेच खाली फरशीवर बसली. मी उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगात भीतीच चालू राहिली, गाडी थांबल्यावर इंजिन गुरगुरत राहतं तशी.

संध्याकाळी मुलगी नीट जागी झाली. पाणी प्यायली. मला बघून म्हणाली, “आई, तू कॉलेजात नाही गेलीस?”

“गेले होते. बाळा, तुला तर कधी गाडी लागत नाही.”

“एसटीत नाही लागत,” ती म्हणाली. “काळीपिवळीत लागते. मागच्या आडव्या सीटवर बसलं की लागतेच.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुझ्यासोबत मी काळीपिवळीत कधी बसलीच नाही ना.” ती जरा हसली, मग दुखलं म्हणून थांबली. “तू तर एसटीचंच तिकीट काढतेस. टाइमटेबल लिहून.”

तेही खरं होतं.

आता ती घरी आहे. हाड जुळत आलंय. पुढच्या आठवड्यात कॉलेजला जायचं म्हणते, आणि एसटी भरलेली असली तर काळीपिवळीनेच जाणार, हेही मला तोंडावर सांगून झालंय. माझी भीती मात्र जायची ती गेली नाही. फोन टेबलावर सरकायला लागला की मी वाक्य अर्ध्यात सोडून तो उचलते. कोणी नुसतं “लागली” म्हटलं की मी थांबवून विचारते, काय लागली? शिपाईभाऊंनी परवा “कॉलेजची बेल लागली” म्हटलं तर मी त्यांनाही विचारलं. ते बिचारे घाबरले.

वर्गाचं पुढे गेलंय. ‘आणि’ झालं, ‘जर तर’ झालं, नकार झाला. पण ‘किंवा’च्या तक्त्याची वरची ओळ रिकामीच आहे. त्या दिवशी फळा कुणी पुसला माहीत नाही. मुलांच्या वह्यांमध्ये ती ओळ तशीच आहे, दोन्ही खरी, आणि तिसऱ्या रकान्यात कोरा चौकोन. चाचणी आली आहे. तांड्यावरच्या मुलीने दोनदा विचारलं, “मॅडम, पहिल्या ओळीत काय लिहाचं?” उत्तर तिला पाठ आहे, मलाही आहे. एक अक्षर लिहायचं. दोन्ही वेळा मी म्हटलं, उद्या.

आजच्याही यादीत ते सगळ्यात वर आहे. सकाळी वर्गात गेले, खडू उचलला, फळ्यावर चौकट आखली, खालच्या तीन ओळी भरल्या. मग डस्टर घेतलं आणि पुढच्या धड्याला लागले.